हाव म्हणजे काय हाव?

अक्का,

तुला बसवून माती दिली. आपल्या लिंगायतांत बसवूनच देतात, हे काही मला नवीन नाही; आप्पांना तसंच दिलं, आईला तसंच दिलं. तरी औशाच्या रानात तुला मांडी घालून, कपाळभर विभूती लावून बसवलेलं पाहिलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बाई वर्गात एकदाही बसली नाही. खुर्ची होती आपल्या वर्गात. तिच्यावर तू जेवणाचा डबा ठेवायचीस. तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं. रोज सकाळी पूजेला तू ते त्याच हातावर घ्यायचीस, हे मी लहानपणापासून बघत आले, पण त्या वेळी मला त्या हातात डस्टरच आठवत होतं. स्वामी मंत्र म्हणत होते, बायका रडत होत्या आणि मी हे असलं टिपत उभी होते. रडू नंतर आलं, चार दिवसांनी, नांदेडच्या घरी कुकर लावताना, आणि तेही दोन शिट्ट्यांपुरतं. तुला माहीत आहे माझं. "मंगे, तुझं काळीज फॉर्मालिनमधी ठिवलंय," असं तू म्हणायचीस. असेल. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर माणूस थोडा बरणीत जातोच.

लोक विचारतात काय झालं. मी सांगते, हृदयाची झडप खराब होती, ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी गेली. एवढ्यात सगळं येतं आणि लोकांचं समाधान होतं. माझं होत नाही. आज आपला जूनचा वर्ग सुरू झाला. तू नसताना पहिल्यांदाच. तिथं जे झालं ते तुला सांगावं म्हणून बसले आहे, पण त्याआधी बरंच काही मागचं सांगावं लागेल.

वर्गाला आपण कधी नाव ठेवलंच नाही. दहावीचा निकाल लागून अकरावी सुरू होईपर्यंत जे दिवस मिळतात, त्यातले एकवीस दिवस. मराठी शाळेतून सायन्सला जाणारी लेकरं. औसा, निलंगा, अहमदपूर, कुठली कुठली. लोकच 'पुलाचा वर्ग' म्हणायला लागले. तुला ते पटायचं नाही. "पूल कशाचा, वढ्यावर ओंडका टाकलाय. तोल ज्याचा त्यानं सांभाळायचा." सकाळी तू भौतिक आणि रसायन घ्यायचीस, दुपारी मी जीवशास्त्र. त्यासाठी मी दर जूनला नांदेडहून लातूरला यायची. अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबली की तुला फोन करायचा, अर्ध्यात आले म्हणून. तू म्हणायचीस, "मग फोन कशाला केलीस? ये की." आणि ठेवून द्यायचीस. यंदा मी अहमदपूरला फोन बाहेर काढला, मग परत पर्समध्ये ठेवला.

लेकरं हुशार असायची, यावर आपलं दोघींचं एकमत होतं. शंभरात पंच्याण्णव आणणारी. पण त्यांचं विज्ञान मराठीत राहायला होतं आणि अकरावीचं पुस्तक इंग्रजीत. त्वरण पाठ असलेल्या मुलाला ॲक्सिलरेशन हा नवाच धडा वाटायचा. आम्लारी येणारी मुलगी बेस म्हटलं की गप्प. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मोठमोठ्या क्लासेसचे फलक, त्यांच्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो पंख्याएवढे करून लावलेले. त्यांच्याखालून ही लेकरं यायची ती आधीच घाबरून. एकानं मला एका दुपारी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, मास आणि वस्तुमान यातला फरक किती मार्काला येतो?" मी हसले. तू हसली नाहीस. तू त्याला बोलावलंस, त्याच्या हातात विटेचा तुकडा दिलास आणि म्हणालीस, "आता ह्येला एकदा मास म्हण, एकदा वस्तुमान म्हण. हाताला काय फरक पडतो का सांग."

पण शब्दांचं दुखणं तू दुसऱ्या नंबरला धरायचीस. पहिल्या नंबरला 'हाव'. पुण्याकडे हाव म्हणजे लोभ. आपल्याकडे हाव म्हणजे होय. आणि वर्गात हाव म्हणजे होयही नाही. हाव म्हणजे, मॅडम, पुढं चला. "कळलं का?" म्हटलं की चौतीस तोंडांतून एका सुरात "हाव मॅडम". मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, त्याचा वेळ मोडायचा नाही, चारचौघांत आपलं अडाणीपण दाखवायचं नाही, एवढं सगळं आपल्या लोकांनी त्या दोन अक्षरांत बसवलंय. तुझं म्हणणं, पुण्याचा अर्थ आणि आपला अर्थ एकच. ही पण लोभाचीच हाव, लवकर सुटायची.

म्हणून तुझा तो नियम. कुणी हाव म्हटलं की तू विचारायचीस, "हाव म्हंजी काय हाव?" म्हणजे, जे कळलं ते आपल्या शब्दांत सांग. नाही सांगता आलं तर सरळ म्हणायचं, "न्हाई कळलं." ते ऐकलं की बाकीच्यांनी विचारायचं, "कुठून?" मग ज्याला कळलं नाही त्यानं फळ्यावरची जागा दाखवायची आणि ज्यानं आधी 'कुठून' विचारलं त्यानं उठून तिथपासून खालचं सगळं पुसून टाकायचं. तू तिथून परत सुरू. रोज प्रत्येकानं एकदा तरी न्हाई कळलं म्हटलंच पाहिजे. ज्याला सगळंच कळलं त्यानं उद्यापासून येऊ नये, त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं तू पहिल्याच दिवशी बजावायचीस.

मला हा नियम आवडायचा नाही. आज तू नाहीस म्हणून तो आवडायचा असं मी म्हणणार नाही. मी खुर्चीवर बसून शिकवणारी. आकृती काढते, नावं देते, पुढे जाते. ज्याला नाही कळलं त्यानं नंतर एकट्यानं येऊन विचारावं, अशी सोय ठेवते. "नंतर कुणी येत नसतंय, मंगे," तू म्हणायचीस. तुझं खरं होतं, माझ्याकडे फारसं कुणी येत नसे. पण माझ्या वर्गात कुणी रडतही नसे.

मुदखेडची सुजाता. वडील रेल्वेत ट्रॅकमन, घरातली पहिली पोर सायन्सला आलेली, लातुरात मावशीकडे राहून वर्गाला यायची. चौथ्या दिवशी तू जडत्व शिकवत होतीस.

"कळलं का ग?"

"हाव मॅडम."

"हाव म्हंजी काय हाव?"

ती उभी राहिली आणि पुढं काहीच नाही. तू डस्टर घेऊन थांबलीस. तुझ्या थांबण्यात राग नसायचा, पण घाईही नसायची. मी दाराशी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी आत शिरले, तिला बाहेर नेलं, माठातलं पाणी दिलं. तू पुढच्या मुलाला विचारायला लागलीस.

संध्याकाळी आपण कडाकडा भांडलो. मी म्हणाले, तू लेकरांना उघडं पाडतेस. "मी कशाला पाडू? पेपर पाडतोय. मी निदान आपल्या घरात पाडते, चार भिंतीत." मी म्हणाले, ती उद्या येणार नाही. तू भाकरी थापत होतीस. थापता थापताच तू ते सांगितलंस, जे तोवर मला माहीत नव्हतं. औशाच्या शाळेत पहिली आलेली तू, अकरावीला लातूरला गेलीस आणि पहिल्या बाकावर बसून वर्षभर "हाव सर" म्हणत राहिलीस. सर भला माणूस होता, रोज विचारायचा. "त्येंनी विचारलं न्हाई असा एक दिवस न्हाई बघ. मीच हाव म्हणले." बारावीला फिजिक्समध्ये नापास झालीस, तेव्हा आप्पा दुकानात बसून कॉलेजला शिव्या घालत होते आणि तू आतल्या खोलीत ऐकत होतीस. मला मात्र घरात सांगितलं होतं, की अक्का आजारी होती म्हणून तिचं वर्ष गेलं. मी ते तीसेक वर्षं खरं धरून चालले होते.

आणि तेव्हा मला माझी दहावीची सुट्टी आठवली. दुकानाच्या मागच्या ओसरीत तू मला रोज दोन तास बसवायचीस. तो आपला पहिला वर्ग, एकाच विद्यार्थिनीचा. मी खोटं हाव म्हटलं की तू लगेच पकडायचीस. मला वाटायचं अक्काला काहीतरी विद्या येते. फार पुढं तू सांगितलंस, की खोटं बोलताना माझा हात कानाच्या पाळीला जातो. मी अकरावीत कुठंच अडखळले नाही, डिग्री झाली, नोकरी लागली, आणि हे सगळं माझ्या हुशारीनं झालं असं मी समजत होते. तुझं मी कधी नाव घेतलं नाही. आज घेते.

सुजाता दुसऱ्या दिवशी आली. हजेरीच्या आधीच उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाई कळलं." पोरं ओरडली, "कुठून?" ती म्हणाली, "पैल्या दिवसापासून." सगळे हसले. तू कुणाला उठू दिलं नाहीस, स्वतः फळा पुसलास, कोपऱ्यातली तारीखसुद्धा पुसलीस आणि पाचव्या दिवशी पहिला दिवस शिकवलास. माझ्या जीवशास्त्राचे दोन दिवस त्यात गेले, ते मी तुला पुढं कितीतरी वेळा ऐकवले.

पण निलंग्याचा तो मुलगा परत आला नाही, अक्का. पुढच्याच वर्षीचा, शर्टाचं गळ्यापाशी बटण लावून बसणारा. तोही असाच उभा राहिला होता आणि तूही अशीच थांबली होतीस. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला, की पोरगं आर्ट्सला जातो म्हणतंय. आपलं भांडण झालं की मी त्याचं नाव काढायची आणि तू पाणी प्यायला उठायचीस. सुजाता तुझ्या बाजूची, तो माझ्या बाजूचा. तुझं-माझं भांडण असं बरोबरीतच राहिलं.

एक मात्र तू सरळ जिंकलीस. मी हृदय शिकवत होते. कुणीतरी विचारलं, "मॅडम, झडप उघडतंय कोण?" मी म्हणाले, ती आपोआप उघडते. तू डबा न्यायला आली होतीस. दारातूनच म्हणालीस, "आपोआप म्हंजी काय आपोआप?" सगळ्या वर्गासमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू ते दारच धरलंस. "ह्या दाराला काय कळतंय का? मागनं ढकललं की उघडतंय, पुढनं ढकललं की चौकटीला टेकून मिटतंय. झडपंचं तसंच. रक्ताचा दाब जिकडं जास्त, तिकडनं ढकललं जातंय." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्यानंतर दरवर्षी मी झडप तुझ्या दारानंच शिकवते, नांदेडच्या कॉलेजातसुद्धा. हे दार तुझं आहे, हे मी तिथं कुणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात आपण दोघी डॉक्टरांसमोर बसलो. तू जिना चढताना मधेच थांबायला लागली होतीस, तेवढ्यासाठी गेलो होतो आणि तपासण्या वाढत गेल्या. डॉक्टर तरुण होता, शांत होता. त्यानं एका कागदाच्या पाठीवर हृदय काढलं. महाधमनी जरा चुकीच्या जागेवरून निघाली होती. मी मनातल्या मनात दोन मार्क कापले. तो सांगत होता, झडप कुठली, ती का मिटत नाही, आता ऑपरेशन केलं तर काय, गोळ्यांवर थांबलं तर काय. सगळे शब्द माझ्या ओळखीचे. मी ते रोज उच्चारते. त्यामुळे माझं ऐकणं कुठं तुटलं ते माझ्या लक्षातच आलं नाही. तो म्हणाला, "समजलं ना?" तू म्हणालीस, "हाव." तो थांबला. खरंच थांबला. पुन्हा विचारलं, "काही विचारायचंय का?" मी म्हणाले, "नाही नाही, समजलं." मी जीवशास्त्राची बाई, मी काय विचारणार?

बाहेर बाकावर बसलो. तुझ्या चपलेचा पट्टा सुटला होता. तो लावत, खाली बघूनच तू विचारलंस, "मंगे, तुला कळलं का ग?"

मी म्हणाले, "हाव."

माझा हात कानाच्या पाळीला गेला होता. तू वर बघितलं नाहीस. पट्टा लावलास, "बरं" म्हणालीस. मग मी आत जाऊन ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली.

एवढंच आहे. डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. गोळ्यांवर थांबलो असतो तर तू राहिली असतीस, असंही कुणी म्हणत नाही. कदाचित हेच झालं असतं, कदाचित याहून वाईट. मी त्याचा हिशोब मांडत नाही. मला कळत नाही ते वेगळंच आहे. जो शब्द तू कुणाच्या लेकराकडून चालवून घेतला नाहीस, तो माझ्याकडून कसा चालवून घेतलास? झडपेचं तर तुला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मग तुझं ते विचारणं वर्गातलं होतं की घरातलं? तू मला तपासत होतीस? की तुलाच कळलं नव्हतं आणि धाकट्या बहिणीपुढं ते म्हणवत नव्हतं? की नुसती भीती वाटत होती, आणि मी न्हाई कळलं म्हटलं असतं तर आपण दोघी उठून परत आत गेलो असतो? "हाव म्हंजी काय हाव" एवढं एकदा म्हणायचं होतंस, अक्का. मी पकडली गेले असते. मला पकडलं जायचं होतं. आता बँकेत, दुकानात कुणी "कळलं का मॅडम?" म्हणालं आणि माझ्या तोंडून हाव निघालं, की मी आधी माझा हात कुठं आहे ते बघते.

मातीला सुजाता आली होती. परभणीला गुरांच्या डॉक्टरकीचं शिकते. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, म्हशीला काय दुखतंय ते म्हैस सांगत न्हाई. पण हाव बी म्हणत न्हाई. त्येवढं बरं असतंय." मी फस्सकन हसले आणि चार बायकांनी वळून पाहिलं. तू असतीस तर तूही हसली असतीस, मग मला म्हणाली असतीस, लाज न्हाई का तुला.

तर आज वर्ग उघडला. पोरं यंदा कमी आहेत. तू गेल्याचं कळल्यावर काही जण परस्पर मोठ्या क्लासला गेले. भौतिक मला येत नाही. ते घ्यायला उद्यापासून तू नोकरी केलीस त्या शाळेतले एक सर येणार आहेत. आज फक्त नियम सांगायचा होता. सांगावा की नाही यावर मी एसटीत अहमदपूरपर्यंत विचार केला होता, आणि अहमदपूरनंतरही केला. खुर्चीवर सवयीनं डबा ठेवला गेला, म्हणून मला उभं राहावं लागलं. फळ्यावर अगदी वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हाव म्हणजे काय हाव?' त्याच्याखाली नियम लिहिला, कुणी काय म्हणायचं, कुणी काय विचारायचं, फळा कुणी पुसायचा. मग विचारलं, "कळलं का?"

"हाव मॅडम!"

मला हसूच आलं. मग वर लिहिलेलं तेच मोठ्यानं विचारलं. माझ्या तोंडून पहिल्यांदाच. लेकरं खाली बघायला लागली, एक मुलगा गळ्यापाशी बटण चाचपायला लागला. मी थांबायचं ठरवलं होतं, पण तुझ्यासारखं थांबणं मला येत नाही. मिनिटभरात मला त्याची दया आली, खरं तर भीती वाटली. म्हणाले, "बरं, मीच सुरू करते. कसं म्हणायचं ते बघा." आणि म्हणाले, "न्हाई कळलं."

नमुना म्हणून म्हणायला गेले होते. पण ते तोंडातून निघालं ते खरंच निघालं. पन्नाशी उलटलेली बाई मी, हे दोन शब्द चारचौघांत आजवर कधी बोललेच नव्हते.

मग दुसऱ्या रांगेतून लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी, नाव मला अजून माहीत नाही, नियम तो नियम म्हणून हळूच म्हणाली, "कुठून, मॅडम?"

मी म्हणाले, "हावपासून."

तिला वाटलं मी फळ्यावरचं म्हणतेय. ती उठली, माझ्या हातातलं डस्टर घेतलं आणि टाचा उंच करून, वरच्या पहिल्या शब्दापासून खालपर्यंत सगळा फळा पुसून काढला. डस्टर माझ्या हातात परत दिलं, जागेवर जाऊन बसली आणि बाकीच्यांसारखी माझ्याकडे बघत राहिली. आता तिथून परत सुरू करायचं होतं. मी उभीच होते, अक्का.